मंगळ्याचा पोळा

पोळ्याच्या दिवशी सकाळी मी रेल्वेचं एक चांगलं चालू इंजिन बंद केलं. बंद कर, असं मला कुणी सांगितलं नव्हतं. बंद करू नकोस, असं मात्र सांगितलेलं होतं, आणि तेही रोज. तरी केलं. प्रेमापोटी केलं, असं मी नंतर बऱ्याच जणांना समजावून पाहिलं. प्रेमापोटी केलेल्या गाढवपणाला लोक गाढवपणाच म्हणतात, एवढं त्यातून शिकलो.

इंजिन कागदोपत्री रेल्वेचं होतं. पण नंदुरबारच्या आसपास कुठल्याही गेटमनला विचारलं असतंत, तर त्याने सांगितलं असतं की ते आप्पांचं आहे. आप्पा म्हणजे आमचे लोको पायलट, जुन्या भाषेत ड्रायव्हर. मी त्यांचा असिस्टंट. ते कोरीटचे, मी शहाद्याकडच्या ब्राह्मणपुरीचा. वय चाळिशीला टेकलेलं, दोन पोरांचा बाप, घरी माझ्या शब्दाला बऱ्यापैकी किंमत. केबिनची शिडी चढायला लागलो की ती किंमत खालच्या पायरीवरच गळून पडायची.

आप्पा उंच आणि वाळकेसे. इतके वाळके की खिडकीतून वारा आला की गणवेशाचा शर्ट फुगायचा, आत माणूस दिसेनासा व्हायचा, आणि नुसता शर्टच गाडी चालवतोय असं वाटायचं. इंजिनाचं नाव त्यांनी मंगळ्या ठेवलेलं. पहिल्यांदा त्यांच्या हाताखाली आलं तो मंगळवार होता म्हणून. रेल्वे त्याला डब्ल्यूडीजी थ्री ए म्हणायची. आप्पांना ते नाव पसंत नव्हतं. ‘‘हाई काय नाव शे?’’ ते म्हणायचे, ‘‘हाऊ बईल शे, बईल. बईलले कोनी नंबरवरी हाक मारस का?’’

मालगाड्या ओढण्यासाठी बांधलेली ही डिझेलची जात. सुरतेकडून भुसावळकडे जाणाऱ्या आमच्या मार्गावर कोळसा, खत, सिमेंट, कांदा, सगळं एके काळी याच जातीने वाहिलं. मग रुळांवर विजेच्या तारा आल्या, आणि डिझेलची इंजिनं एकेक करून गेली. मंगळ्या मागे राहिला तो खडीच्या गाडीसाठी. रुळांखाली खडी टाकायची असली, तारांचं काम काढलेलं असलं आणि वरचा प्रवाह बंद असला, की विजेची इंजिनं जागची हलत नाहीत. तेव्हा डिझेलच लागतं.

विजेच्या इंजिनांना आप्पा जावई म्हणायचे. ‘‘वऱ्हे तार शे तवपर्यंत मिजास. तार गई का बठनात रुसीसन.’’ मंगळ्याचं तसं नव्हतं. त्याच्या पोटातलं डिझेल इंजिन थेट चाकं फिरवत नाही. ते आधी वीज तयार करतं, ती वीज खाली चाकांच्या मोटरींना जाते, आणि मग गाडी निघते. हे मी प्रशिक्षणात आकृत्या काढून शिकलो होतो. आप्पांनी ते एका वाक्यात बसवलं होतं, ‘‘हाऊ सोतानी वीज सोता कमाडी खास.’’ हे वाक्य ते प्रत्येक नव्या माणसाला ऐकवायचे. एकदा तर चहा विकायला आलेल्या माणसाला त्यांनी ते इतक्या तावातावाने ऐकवलं, की त्याला वाटलं टोमणा आपल्याला आहे. तो बिचारा म्हणाला, ‘‘मी बी सोतानं सोता कमाडस, आप्पा.’’

नवापूरच्या स्टेशनात फलाटावरच महाराष्ट्र संपतो आणि गुजरात सुरू होतो. इंजिनाने ती हद्द ओलांडली की आप्पा त्याच्याशी गुजरातीत बोलायला लागायचे. ‘‘हाल भाई, हाल, धीमे धीमे.’’ मी एकदा न राहवून विचारलं, ‘‘आप्पा, त्याले गुजराती समजस का?’’

‘‘तुले समजस का?’’

‘‘थोडी थोडी.’’

‘‘मंग त्याले तुन्हापेक्षा जास्तीच समजी.’’

आप्पांचं ज्ञान अफाट होतं असं मात्र कुणी समजू नका. निम्म्या वेळा ते चुकायचे, पण अशा थाटात चुकायचे की ऐकणाऱ्याला स्वतःचीच शंका यावी. एकदा चिंचपाड्याच्या अलीकडे त्यांनी कान टवकारले. ‘‘टक टक टक टक. ऐकू येस का तुले? मंगळ्याना दात हाली ऱ्हायना.’’ इंजिनाला दात असतात, गिअरचे असतात, त्यामुळे मी घाबरलो. पुढच्या स्टेशनात दोन फिटर बोलावले. मी स्वतः बॅटरी घेऊन इंजिनाच्या पोटात शिरलो, ऑइलने कोपरापर्यंत माखलो, आणि एका पाइपाकडे बोट दाखवून ‘इथूनच येतोय’ असं छातीठोक सांगितलं. फिटरांनी तो पाइप आवळला, सैल केला, पुन्हा आवळला. आवाज चालूच. शेवटी त्यातला एक पाणी प्यायला केबिनमध्ये चढला आणि त्याने माझा जेवणाचा डबा पॅनेलवरून उचलला. आवाज थांबला. डब्याचं झाकण सैल होतं आणि आत फक्त शेंगदाण्याची चटणी होती.

पुढे महिनाभर गाडी निघताना आप्पा नियमाने ब्रेक तपासायचे, हवा तपासायचे आणि मग माझ्याकडे वळून म्हणायचे, ‘‘डबा?’’

कोरीटकडे वारा असला, तर मंगळ्याचा हॉर्न त्यांच्या घरापर्यंत जायचा. मग काकू, म्हणजे आप्पांच्या मंडळी, तव्यावर भाकरी टाकायच्या. वारा आडवा असला तर आप्पांना गार भाकरी. त्यावर काकूंचं म्हणणं असं, की जगात सगळ्यांचे नवरे मोबाइलवरून फोन करतात, ‘‘मन्हाच भोंगा वाजाडस.’’

सगळ्यात मोठा प्रसंग तापीकाठच्या प्रकाशा गावचा. मोटरीत कार्बनचा ब्रश असतो, काडेपेटीएवढा काळा तुकडा. झिजला की काढून फेकतात. मंगळ्याच्या मोटरीतला असाच एक फेकून दिलेला तुकडा आप्पांनी उचलला, धुतला, पांढऱ्या फडक्यात गुंडाळला, आणि सुट्टीच्या दिवशी मला मोटरसायकल काढायला लावून प्रकाशाला नेलं. तापीत सोडायला. ‘‘ज्यानी इतका वरीस वजा ओढा, त्याले काय कचरामा फेकवाना?’’ असा सवाल. वजा म्हणजे ओझं. माझ्याकडे त्यांच्या कुठल्याच सवालाला उत्तर नसायचं, म्हणून तर मोटरसायकल माझी असायची.

घाटावर एक गुरुजी दुसऱ्या एका कुटुंबाचे विधी आटोपून नुकतेच उठत होते. फडकं बघून ते अदबीने पुढे आले आणि त्यांनी गोत्र विचारलं. आप्पा म्हणाले, ‘‘डब्ल्यूडीजी थ्री ए.’’ गुरुजींना वाटलं गोत्र परप्रांतीय असावं. ते माझ्याकडे वळले. ‘‘आपलं गेलेल्याशी नातं?’’ मी हात जोडून प्रामाणिकपणे सांगितलं, ‘‘असिस्टंट.’’ त्यांनी आम्हा दोघांकडे बराच वेळ पाहिलं आणि मग दक्षिणेचा विषयही न काढता देवळाच्या बाजूने निघून गेले.

आता पोळा. रेल्वेत यंत्रांची पूजा दसऱ्याला होते. शेडमध्ये झेंडू, नारळ, पेढे, सगळं यथासांग. आप्पा त्या पूजेला हजर असायचे, पण पाहुण्यासारखे. त्यांचं म्हणणं, दसरा हत्यारांचा. मंगळ्या हत्यार नाही. त्याचा सण पोळा. आदल्या संध्याकाळी घरी बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळतात, तशी ते मंगळ्याच्या कपलिंगला, म्हणजे जिथे डबे जोडले जातात त्या आकड्याला, तूप-हळद चोळायचे. ‘‘वजा हाटेच पडस,’’ म्हणायचे, म्हणजे सगळं ओझं इथेच येतं. आणि दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचा नैवेद्य. तो मंगळ्याच्या वतीने मी खायचो.

ट्रॅक्टरचं त्यांना वावडं. त्यांच्या सख्ख्या भाच्याने ट्रॅक्टर घेतला, तेव्हा पूजेला गेले नाहीत. ‘‘त्याले जीव नही,’’ असा निरोप धाडला. मंगळ्या ज्या सायडिंगमध्ये, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभा असायचा, भाचा त्याच्या शेजारच्याच गावचा, त्यामुळे तो निरोप त्याच्यापर्यंत पोचायला फार वेळ लागला नाही. त्याच्या मनातून तो जायला मात्र लागला.

त्या वर्षी पोळा जवळ आला आणि वरून बातमी आली, मंगळ्याला भंगारात काढणार. फार जुना झाला, बॅटऱ्या थकल्या, एकट्यासाठी कोण सांभाळत बसणार? आप्पांनी अर्ज-विनंत्या केल्या. त्यांच्या निवृत्तीला थोडाच काळ उरला होता, आणि त्यांचं मागणं एवढंच होतं, ‘‘मन्हा आगुदर हाऊ नको जावाले.’’ अखेर ठरलं की एक मॅडम येऊन पाहतील. विदर्भातल्या तरुण इंजिनिअर होत्या. इंजिन नीट सुरू झालं, खडीने भरलेले डबे सायडिंगमधून ओढून दाखवले, तर ठेवायचं. नाहीतर भंगार. मॅडमनी दिवस दिला तो नेमका पोळ्याचा.

आप्पांना वाटलं, देवच पावला. मला वाटलं, आपणही काहीतरी करावं.

थकलेल्या बॅटरीचं असं असतं, की इंजिन चालू असेपर्यंत काही कळत नाही. एकदा बंद केलं की पुन्हा सुरू करायला जो जोर लागतो तो तिच्यात नसतो. म्हणून मंगळ्याला कधीच बंद करायचं नाही, उभा असला तरी धडधडत ठेवायचा, हा आप्पांचा नियम. त्या सकाळी आप्पा नैवेद्य आणणाऱ्या काकूंना घ्यायला गेटकडे गेले. मी केबिनमध्ये एकटा. बाहेर गावात बैल धुऊन, रंगवून उभे. कुणाच्या मानेवर जू नाही, सगळे निवांत. आणि आमचा बैल तेवढा धापा टाकतोय. मला भरून आलं. आप्पा परत येतील आणि मंगळ्याला शांत झोपलेला पाहतील, त्यांचे डोळे पाणावतील, असं सगळं चित्र मला दिसलं. मी बटण दाबलं.

शांतता झाली. कुठेतरी साळुंकी ओरडली. पुण्य लागल्यासारखं वाटलं.

एरवी माणसं आवाज ऐकून धावतात. आप्पा आवाज थांबला म्हणून धावले. धोतर सावरत पळणारा माणूस मी पाहिलाय, पण गणवेशातला माणूस एका हातात पुरणपोळीचं ताट सावरत पळताना तेव्हाच पाहिला. मागे काकू.

‘‘काय करं रे तू? काय करं?’’

‘‘पोळा शे ना, आप्पा. म्हनीसन जरा आराम दिधा.’’

‘‘बईलले आराम देवाना म्हनजे त्याना श्वास बंद करवाना का रे?’’

त्यांनी ताट माझ्या हातात दिलं आणि सुरू करायला गेले. मंगळ्या म्हणाला, घर्र. मग म्हणाला, घ. मग काही म्हणाला नाही. पॅनेलवरचे दिवे पिवळे पडले आणि विझले. आप्पा इंजिनाच्या अंगावर हात ठेवून उभे राहिले. ते रागावतील म्हणून मी तयारीत होतो. ते रागावले नाहीत, तेव्हा मात्र मी ताट घट्ट धरलं. काकूंनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि माझ्या हातातलं ताट काढून घेतलं. ‘‘तू नको धरू काही.’’

तेवढ्यात मॅडमची जीप आली.

मी पुढे झालो. अशा वेळी माणसाने मागे व्हायला हवं, हे मला त्या वयातही कळत नव्हतं. म्हटलं, ‘‘मॅडम, आज पोळा. आमच्याकडे पोळ्याला इंजिनाला सुट्टी असते.’’

मॅडमनी मंगळ्याकडे पाहिलं, कपलिंगवरच्या हळदीकडे पाहिलं. ‘‘पोळा आमच्याकडेही असतो,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आमचा बैल पोळ्याला पूजेला उभा राहतो. मेलेला नसतो.’’

बंद कोणी केलं, हे त्यांनी विचारलं. मी कपलिंगवरची हळद पाहायला लागलो. आप्पाच म्हणाले, ‘‘झोपला तो, मॅडम. म्हातारा झालाय, लागतो डोळा.’’

मॅडम बॅटऱ्या पाहून आल्या. चेहरा सांगत होता की आटोपलं. जीपकडे निघाल्या, आणि कुंपणापाशी थांबल्या. पलीकडे मारुतीच्या देवळासमोर बैलजोड्यांची रांग, आणि त्यांच्यामागे ट्रॅक्टर. हल्ली ज्यांच्याकडे बैल उरले नाहीत ते पोळ्याला ट्रॅक्टर सजवतात. बॉनेटवर हार, सायलेन्सरला गोंडे, दिव्यांना कुंकू.

‘‘त्यांच्या बॅटऱ्या बारा व्होल्टच्या ना?’’ मॅडम स्वतःशीच बोलल्या. ‘‘सहा एकापुढे एक जोडल्या, तर बहात्तर. आपल्याला तेवढेच लागतात. थोडा वेळ जोडून ठेवल्या तर इंजिनाच्या बॅटऱ्या भरतील.’’ मग वळल्या. ‘‘आप्पा, सहा ट्रॅक्टरवाले ओळखीचे आहेत का?’’

आप्पांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. ‘‘ट्रॅक्टरना करंट? मन्हा मंगळ्याना पोटमा? पोळाना दिन?’’

‘‘मग भंगाराची गाडी बोलावू?’’

आप्पा कुंपण ओलांडून गेले. मी मागोमाग. पहिला ट्रॅक्टर भाच्याचा. तो मांडी घालून बॉनेटवर बसला होता आणि सगळं ऐकून झाल्यावरही खाली उतरला नाही. आजूबाजूला गाव गोळा झालेलं.

‘‘मामा,’’ भाचा म्हणाला, ‘‘ट्रॅक्टरले जीव नही ना? मंग आते जीव कसाना मांगी ऱ्हायनात?’’

सगळे हसले. आप्पांनी खिशातून काकूंनी दिलेल्या कुंकवाची पुडी काढली आणि ट्रॅक्टरच्या कपाळावर, म्हणजे रेडिएटरच्या जाळीवर, बोट टेकवलं. ‘‘शे बा, जीव शे,’’ ते म्हणाले. ‘‘फक्त आवाज वंगाळ शे.’’

भाचा टुणकन खाली उतरला आणि त्याने पान्हा मागितला. त्याने बॅटरी काढली म्हणून दुसऱ्याने काढली, दुसऱ्याने काढली म्हणून बाकीच्यांनी. बॅटऱ्या डोक्यावर घेऊन वरात निघाली, हार तसेच. पुढे वाजंत्री, कारण वाजंत्री आधीच ठरवलेली होती आणि रिकामी बसली होती. मॅडम जोडणी सांगत होत्या, भाचा जाडजूड केबल लावत होता. मला फक्त एक टोक धरायला दिलं होतं, आणि ते कुठेही टेकवायचं नाही असं बजावलं होतं. मी ते टेकवलं. फट्‍कन ठिणगी उडाली, आणि डाव्या बाजूची अर्धी मिशी करपली. त्यानंतर मला सगळ्यांनी मिळून वाजंत्र्यांच्या बाजूला उभं केलं.

मग वाट पाहणं. आप्पा मंगळ्याच्या पुढ्यात उभे राहून काहीतरी पुटपुटत होते. मराठी, अहिराणी, गुजराती, सगळंच असावं. मॅडमनी मीटर पाहून मान हलवली. आप्पा वर चढले. त्यांनी बटण दाबलं.

घर्र. घर्र. घुर्र. एक क्षण असा गेला, की काकूंनी पदर तोंडात धरला. आणि मग मंगळ्याच्या पोटात कुठेतरी एक सिलिंडर खोकला, त्यामागून दुसरा, मग सोळाच्या सोळा एकदम. धुराचा एवढा मोठा काळा लोट उठला की मारुतीचा शेंदूरसुद्धा काळवंडला असेल. गाव ओरडलं, वाजंत्री सुटली, आणि पलीकडची एक बैलजोडी या गडगडाटाने बिथरून गोंड्या-घुंगरांसकट उधळली ती सरळ वेशीवरच्या आंब्याच्या तोरणातून आरपार. तोरण तोडायचा मान तिथे पाटलांच्या बैलांचा. या जोडीचा मालक गावातला सगळ्यात गरीब गडी. पाटील पुढे वर्षभर म्हणत राहिले की ते धरलं जाणार नाही. तो गडी म्हणत राहिला की माझ्या बैलांनी तोडलं ते तोडलं, इंजिनाने साक्ष दिली आहे.

मंगळ्याने खडीचे डबे ओढले. सायडिंगच्या चढावर आप्पांनी नॉच टाकली, म्हणजे जोर वाढवला, तेव्हा मागचा एकेक डबा ताणला जाऊन एकामागून एक ठण ठण ठण वाजत गेला, आणि गाडी हलली. पोरं रुळांच्या बाजूने पळत होती. भाचा केबिनमध्ये मामाच्या शेजारी, माझ्या जागेवर. मला कुणी वर घेतलं नव्हतं.

परत आल्यावर मॅडमनी उभ्या उभ्या पुरणपोळी खाल्ली, आणि तोंडात घास असतानाच म्हणाल्या, ‘‘ठेवते याला. नव्या बॅटऱ्या मागवते. तारा तुटल्या की आम्हाला कुणीतरी लागतंच.’’ आप्पांनी हात जोडले. काकूंनी मॅडमच्या कपाळाला हळदकुंकू लावलं आणि जाताना चार पोळ्या बांधून दिल्या.

जीपमध्ये बसता बसता मॅडम थांबल्या. ‘‘एक अडचण आहे, आप्पा. भंगारवाल्यांना मी इथून एक नग येतोय म्हणून कळवून बसले आहे. आता ते रद्द करावं लागेल.’’

आप्पांनी वाजंत्र्यांमधून मला दंडाला धरून पुढे ओढलं, अर्ध्या मिशीसकट.

‘‘रद्द कसाले करतस, मॅडम? हाऊ लई जा.’’